रिजेक्शनच्या वहीत नसलेली नोंद

मी कोल्हापुरात मानसोपचार करते. पहिल्या भेटीत या रुग्णानं दोनशे पानी वही टेबलावर ठेवली. नोंदी तारीखवार होत्या. प्रत्येक ओळीत एक पाप आणि त्यापुढे बरोबरची खूण किंवा फुली. खूण म्हणजे त्या पापाची कबुली प्रार्थनेत नीट झाली. फुली म्हणजे कबुली देताना मन भरकटलं, पुन्हा करायची. शेवटच्या दहा-बारा पानांवर खुणा शोधाव्या लागत होत्या. “रिजेक्शन वाढत चाललंय मॅडम,” तो म्हणाला.

शब्द त्याच्या रोजच्या कामातला. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तो क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. कास्टिंगमधले ब्लो होल, भेगा, मापातला फरक पकडायचा आणि नापास पीस लाल रंग मारून बाजूला काढायचा. वय ३६, पत्नी शिक्षिका, एक मुलगी. चार पिढ्यांपासून ख्रिस्ती घराणं. ओळख लागू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. बाकीचं लिहायला त्याची, त्याच्या पत्नीची, बहिणीची आणि त्याच्या पाळकांची संमती आहे.

त्रास सुरू झाला एका शुभ शुक्रवारी. वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर उपदेश चालू असताना पवित्र आत्म्याबद्दल एक घाणेरडा शब्द त्याच्या मनात आला. कुठून आला, कसा आला, त्याला कळलं नाही. अंगाला घाम सुटला. रात्री घरी येऊन त्यानं मार्कच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढला. पवित्र आत्म्याविरुद्ध दुर्भाषण करणाऱ्याला कधीच क्षमा नाही, असं सांगणारं एकोणतिसावं वचन त्याला लहानपणापासून पाठ होतं. त्या रात्री ते आपल्याबद्दलच लिहिलंय असं त्याला वाटलं.

तिथून पुढे प्रार्थनेत चुकीचा शब्द आला की प्रार्थना पहिल्यापासून. सकाळी अर्ध्या तासाची भक्ती अडीच-तीन तासांवर गेली आणि फर्स्ट शिफ्टला लेट मार्क पडू लागले. भजन मंडळात तो हार्मोनियम वाजवायचा. ना. वा. टिळकांची भजनं त्याच्या हातात बसलेली, पण नेमक्या ‘ख्रिस्त’ शब्दावर तोच घाणेरडा शब्द यायचा म्हणून त्यानं पेटीला हात लावणं सोडलं. प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, तेही घेणं बंद केलं. अयोग्य रीतीनं घेणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, असं पौलानं करिंथकरांना लिहिलंय ना. रात्री दोनला पत्नीला उठवून विचारायचा, “अगं, मी ते मुद्दाम नाही ना म्हटलं?” ती “नाही हो” म्हणायची. दहा मिनिटं बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. पाळकसाहेबांना दिवसाला तीस-चाळीस मेसेज जायचे.

एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी खटकली आणि ती पुढे फार कामाला आली. कामावर तो हे काही करत नव्हता. पीस हातात घ्यायचा, गो-नो गो गेज लावायचं, पास की नापास ठरवायचं, पुढचा पीस. दुसऱ्यांदा बघावंसं वाटत नाही का, असं विचारल्यावर तो म्हणाला, “कशाला? गेज खोटं बोलत नाही.”

निदान अवघड नव्हतं. विचार आपलेच आहेत, पण नकोसे आहेत, हे त्याला कळत होतं, म्हणजे हा भ्रमाचा आजार नव्हता. मंत्रचळ म्हणून मराठीत ओळखला जाणारा हा ओसीडी होता, म्हणजे नकोसे विचार पुन्हा पुन्हा येणं आणि ते शमवायला त्याच त्या कृती करत राहणं; इथं धर्माच्या अंगानं आलेला. तीव्रता मोजायच्या येल-ब्राउन मापनीवर, जी ० ते ४० गुणांची असते, त्याचे २९ आले. म्हणजे तीव्र. आत्महत्येबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, “मरावंसं वाटतं, पण मेल्यावर तर थेट तिथंच जायचं. म्हणून जगतोय.” मनोविकारतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात पाठवलं.

नाव नवीन असलं तरी हा आजार चर्चच्या इतिहासाइतका जुना आहे. त्याचं चर्चमधलं जुनं नाव लॅटिनमधल्या ‘स्क्रुप्युलस’ या शब्दावरून आलं; त्याचा अर्थ टोकदार बारीक खडा. चपलेत अडकलेला खडा जसा दर पावलाला टोचतो, तशी ही शंका. १५२२ साली स्पेनमधल्या मानरेसा गावात, पुढे जेझुइट संघ स्थापन करणारे इग्नेशियस लोयोला याच खड्यानं इतके बेजार झाले होते की जीव द्यावासा वाटू लागला. जर्मनीतल्या एर्फुर्टच्या मठात, पुढे प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणारे तरुण मार्टिन ल्यूथर तासन् तास पापकबुली देत बसायचे आणि त्यांचे कबुलीगुरू श्टाउपिट्झ थकून जायचे. कॅथलिक परंपरेत अशा माणसासाठी एक शहाणा नियम तयार झाला. एकच कबुलीगुरू धरायचा, त्याचा शब्द मानायचा आणि तीच कबुली पुन्हा द्यायची नाही. आजच्या उपचारातला निम्मा भाग त्यात आहे.

माझ्या रुग्णाला हा आधार नव्हता. १८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले आणि ते काम पुढे प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. त्या परंपरेतल्या मंडळीत कबुलीची खोली नसते. उपासनेत सगळे एकत्र पापकबुली देतात, पाळक क्षमेचं वचन वाचतात आणि लोक पुढच्या गीताला उभे राहतात. निरोगी मनाला तेवढं पुरतं. याला पुरेना, म्हणून त्यानं बायकोला कबुलीगुरू केलं, पाळकांना केलं, शेवटी वहीला केलं.

पाळकसाहेबांना भेटायला मी गेले तेव्हा मनात थोडा धाक होता. मी ख्रिस्ती नाही. पंचगंगेच्या घाटावर आजीचं बोट धरून पाप-पुण्याचे हिशेब ऐकत वाढलेली. आमच्याकडे पाप म्हणजे खात्यावरची नावे बाजू, पुण्य म्हणजे जमा. मला वाटलं होतं की हे गृहस्थ पापाची भीती घालणारे निघतील आणि मला त्यांच्या विरोधात काम करावं लागेल. पहिली दहा मिनिटं मी त्यांना मानसशास्त्र शिकवत होते. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्व्हा यांनी दाखवलं की साधारण ८० टक्के निरोगी लोकांनाही असेच घाणेरडे, हिंसक, देवनिंदेचे विचार येतात. फरक विचारात नसतो, त्याला दिलेल्या अर्थात असतो. ‘विचार आला म्हणजे कृत्य केल्यासारखंच’ ही समजूत रुग्णाला अडकवते, वगैरे.

त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे आमच्याकडे चौथ्या शतकापासून आहे.” इजिप्तच्या वाळवंटातल्या इव्हाग्रियस नावाच्या संन्याशानं आठ प्रकारच्या विचारांची यादी केली होती. पुढे तिच्यातूनच सात महापापांची यादी निघाली. त्यानं स्पष्ट लिहून ठेवलंय की हे विचार मनात येणं न येणं आपल्या हातात नाही. त्यांना मुक्काम करू द्यायचा की नाही, एवढंच आपल्या हातात आहे. “पण मत्तयाच्या पाचव्या अध्यायात परस्त्रीकडे नुसतं पाहिलं तरी व्यभिचार झाला असं येशू म्हणतो ना?” मी विचारलं, कारण वहीत त्या वचनाचा उल्लेख पानोपानी होता. ते म्हणाले, “मूळ ग्रीकमध्ये वासना धरावी या हेतूनं पाहणं असं आहे. हेतूबद्दल आहे ते. डोळ्यांपुढून गेलेल्या चित्राबद्दल नाही.”

मग मी माझी आवडती कल्पना मांडली. फाउंड्रीच्या ड्रॉइंगवर प्रत्येक मापाला टॉलरन्स दिलेला असतो, प्लस-मायनस इतके पॉइंट. कुठलाही पीस शून्य फरकानं बनत नाही. त्याला सांगूया की देवाच्या ड्रॉइंगवरही टॉलरन्स असेल. पाळकसाहेब बराच वेळ गप्प राहिले. “नाही सांगता येणार,” ते म्हणाले. “आमच्या शिकवणीप्रमाणे देवाच्या मापाला टॉलरन्स नाही. त्या मापाला कुणीच उतरत नाही; मीही नाही. म्हणूनच तर कृपा. त्याला टॉलरन्स सांगितलात तर तो रात्रभर टॉलरन्स मोजत बसेल. त्याला सांगा, गेज तुझ्या हातात दिलेलंच नाही. तपासणी दुसऱ्यानं केली, भरपाईही दुसऱ्यानं केली.”

मी माझ्या वहीत लिहून घेतलं. माझी कल्पना ऐकायला गोड होती, पण तिनं आजाराला नवं खाद्य दिलं असतं. ख्रिस्ती अर्थानं पाप म्हणजे चुकांची यादी नव्हे, हेही तिथंच मला नीट कळलं. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘हमार्तिया’, त्याच्या मुळाशी नेम चुकणं आहे. जुन्या काळचा मोठा ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टिन, त्याच्या मते तर माणूस जन्मतःच वाकलेला. एकेक कृत्य हा नंतरचा भाग. उलट त्याचाच समकालीन पेलागियस म्हणायचा की माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीनं निष्पाप जगू शकतो. त्याची शिकवण ४१८ साली कार्थेजच्या परिषदेत त्याज्य ठरली. पाळकसाहेब म्हणाले, “आपला माणूस स्वतःला सर्वांत मोठा पापी समजतो, पण आतून पेलागियसचा चेला आहे. सगळं आपणच साफ करू शकतो असं त्याला वाटतं.” ही ओळ मी पुढे सत्रात वापरली. तो हसला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

औषधाला मात्र तो तयार नव्हता. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं. इथं मला काही बोलावं लागलं नाही. पाळकांनीच त्याला विचारलं, “ज्या मिशननं आपल्या पणजोबांना वचन दिलं, त्याच मिशनच्या वॅनलेस डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उघडला. तो कशाला?” सर्ट्रालीन ५० मिलिग्रॅमपासून सुरू झाली आणि हळूहळू १५० पर्यंत गेली. ओसीडीला नैराश्यापेक्षा बहुधा जास्त मात्रा लागते आणि गुण यायला दोन-तीन महिने जातात. हे आधीच सांगितलं नाही तर लोक तिसऱ्या आठवड्यात गोळी सोडतात.

घरच्यांचा आग्रह होता, डोक्याचा फोटो काढूया. कोल्हापुरात हा आग्रह प्रत्येक घरातून होतो आणि मला तो समजतो. दुखणं दिसलं की धीर येतो. पण ओसीडीचं निदान स्कॅनवर होत नाही. डोळ्यांच्या वरच्या बाजूचा कपाळामागचा भाग, मेंदूच्या खोल गाभ्यातलं पुच्छकेंद्र आणि थॅलॅमस यांच्यात फिरणारं एक वर्तुळ या आजारात जास्त तापलेलं असतं, हे गटांच्या सरासरीतून कळलंय; एका माणसाच्या फोटोवरून ते सांगता येत नाही. चूक झाल्यावर मेंदूतून एक विद्युत संकेत निघतो, चुकीचं बटण दाबल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत. गेरिंग आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की ओसीडीच्या रुग्णांत हा संकेत मोठा असतो. ‘काहीतरी चुकलं’ ही घंटा त्यांच्या डोक्यात जोरात वाजते. आणि १९९२ साली बॅक्स्टर यांच्या अभ्यासात काही रुग्णांना फ्लुऑक्सेटिन हे सर्ट्रालीनच्याच जातीचं औषध दिलं, काहींना फक्त वर्तनोपचार. दोन्ही गटांत जे सुधारले, त्यांच्या पुच्छकेंद्राचं तापणं कमी झालेलं दिसलं. गोळीनं जे होतं ते सरावानंही होतं, हे मी प्रत्येक रुग्णाला सांगते.

यावर त्यानं विचारलं, “म्हणजे सगळं मेंदूच करतो? मग पाप असं काही नाहीच?” प्रश्नात सुटका होती आणि भीतीही. मी त्याला विचारलं, तुमच्या शॉपमधला फायर अलार्म बिघडला आणि दिवसरात्र वाजू लागला, तर आग नावाची गोष्ट जगात नाही असं ठरतं का? घंटा कशी वाजते हे मेंदूविज्ञान सांगतं. काय जाळू नये, हे ते सांगत नाही. तो म्हणाला, “अन् अलार्म बंद असला तर?” मी मान डोलावली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. त्या वेळी मला तो प्रश्न नुसता तर्काचा वाटला.

उपचाराचा गाभा म्हणजे भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीची तोड करायची नाही. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली मांडलेली ही पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे. काय काय करायचं हे आम्ही तिघांनी मिळून ठरवलं, कारण त्याच्या श्रद्धेनुसार जे खरंच पाप आहे ते मी त्याला करायला सांगणार नव्हते. मार्कचा तिसरा अध्याय वाचायचा आणि वाचून झाल्यावर क्षमेचं वचन सात वेळा म्हणायचं नाही. प्रार्थना एकदाच, शब्द चुकला तर चुकलेला ठेवून पुढे जायचं. हार्मोनियम वाजवायची, घाणेरडा शब्द आला तर येऊ द्यायचा, सूर सोडायचा नाही. पत्नीनं रात्री उत्तर द्यायचं नाही. तिला हे सर्वांत जड गेलं. “ते रडत असतात आणि मी भिंतीकडं तोंड करून झोपते, पाप कुणाला लागतं मग?” असं ती म्हणाली, आणि त्या दिवशीचं सत्र तिचंच झालं.

त्यानं पाठ करायचं वाक्य होतं: ‘ते पाप असेल, नसेल, मी आज त्याचा निकाल लावणार नाही.’ पाळकसाहेबांनी त्याला योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन जोडलं: आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव आपल्या मनापेक्षा थोर आहे. मला आधी वाटलं की हे पुन्हा दिलासा देणं झालं. पण ते वेगळं होतं. दिलासा म्हणतो, तू निर्दोष आहेस. हे वचन म्हणतं, तुझ्या मनाचा निकाल शेवटचा नाही.

तिसऱ्या महिन्याअखेर मापनीवर १९. सातव्या महिन्यात ११. वही बंद झाली होती. तो दर महिन्याला प्रभुभोजन घेत होता आणि नाताळच्या भजनांना पेटीवर होता. मी फाइलवर ‘भेटी विरळ करणे’ असं लिहिलं.

त्याच सुमाराच्या एका भेटीत, जाता जाता, तो बोलला. गडहिंग्लजकडच्या अक्कानं मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी पैसे मागितले होते. यानं नाही म्हटलं. वडील गेल्यावर दीड एकर जमिनीचं हक्कसोडपत्र अक्कानं करून दिलं होतं. “तिनं सही दिलीय की,” तो म्हणाला. “पण परवा उगाच मनात आलं, बरोबर केलं का?” मी म्हटलं, हाही विचारच. निकाल लावू नका. त्यानं लगेच मान हलवली.

ती माझी चूक होती, आणि त्या मान हलवण्यातच ती दिसायला हवी होती. मंत्रचळाच्या विचारावर हेच वाक्य म्हटलं की तो अर्धा तास वाद घालायचा. इथं त्याला वाद नको होता.

दोन आठवड्यांनी पत्नी एकटी आली. सासरे गेल्यावर दीड महिन्यात यानं अक्काला दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं होतं. कागद वारसाच्या नोंदीचा आहे, इतकंच सांगून. आई आधीच गेलेली. ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. निम्मी जमीन अक्काची होती. मी कपाटातून त्या वहीची प्रत काढली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली. शेकडो नोंदी. बसमध्ये बाईकडे नजर गेली, प्रार्थनेत जांभई आली, मुलीवर ओरडलो. अक्काचं नाव एकदाही नाही. मत्तयाचा पाचवा अध्याय वहीत कितीतरी वेळा होता, सगळीकडे अठ्ठाविसावं वचन. त्याच अध्यायात चार-पाच वचनं आधी लिहिलंय की वेदीवर दान आणताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. ते वचन वहीत कुठंच नव्हतं.

इथं एक मोह होतो. ओ. हॉबर्ट मावरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६० साली मांडलं होतं की मनोविकारांच्या मुळाशी बरेचदा दडवलेलं खरं पाप असतं आणि मानसशास्त्रानं तो शब्द टाकून चूक केली. हे प्रकरण त्याच्या पुराव्यासारखं दिसतं: हक्कसोड झालं, पाच महिन्यांनी आजार आला. मला ते पटत नाही. जमिनीचा विषय निघायच्या आधीच गोळी आणि सरावानं तो २९ वरून ११ वर आला होता. जमिनीचं पाप आजाराचं कारण नव्हतं. आजारानं एवढंच केलं की सगळी घंटा खोट्या आगींसाठी वापरली आणि खऱ्या जागी शांतता ठेवली. त्यानं विचारलेला बंद अलार्मचा प्रश्न मला तेव्हा कळला. पण शब्द टाकून दिला तर अक्काची बाजू मांडायला माझ्याकडे काय उरतं, हा मावररचा अर्धा भाग मी मान्य करते. माझ्या मापनीवर तो बरा झालेला होता. अक्का त्या मापनीवर कुठंच नव्हती.

त्याच्यासमोर विषय काढला तेव्हा तो चिडला. “सगळेच घेतात सही. गावात विचारा.” पुढच्या भेटीला आला नाही. त्यानंतरच्या भेटीला आला तो पाळकसाहेबांशी बोलून. आम्ही दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या. घाणेरड्या शब्दाच्या पलीकडे कुणी माणूस नव्हता, भरून द्यायला काही नव्हतं, आणि तरी आत्ताच्या आत्ता सुटका हवी असायची. इथं पलीकडे अक्का होती, तारीख होती, गट नंबर होता, करता येण्यासारखं काम होतं आणि घाई अजिबात नव्हती. अपराधभाव आणि लाज यांवर मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांनी केलेलं काम मी त्याला साध्या भाषेत सांगितलं: ‘मी वाईट’ असं वाटलं की माणूस लपतो, ‘मी हे वाईट केलं’ असं वाटलं की भरपाई करायला उठतो. वहीभर पहिलंच होतं.

धोका एकच होता, भरपाईचाही मंत्रचळ होण्याचा. म्हणून ठरवलं: अक्काला एकदाच सांगायचं. काय केलं ते, रडगाणं न लावता. बक्षीसपत्रानं निम्मी जमीन परत करतो म्हणायचं. ‘माफ केलंस ना?’ असं दोनदा विचारायचं नाही.

तो रविवारी उपासनेनंतर एसटीनं गेला. अक्कानं सगळं ऐकून घेतलं. “मला ठाऊक होतं,” म्हणाली. “सही करताना वाचता येत होतं मला. भाऊ तुटू नये म्हणून केली.” मग बराच वेळ कुणी बोललं नाही. तिनं चहा टाकला, जेवून जा म्हटलं नाही. निघताना सांगितलं, “पहिल्यांदा सातबारा घेऊन ये. मग बघू.” क्षमेचा शब्द तिनं उच्चारला नाही.

त्या आठवड्यात मापनीवरचा आकडा १६ वर गेला. दोन रात्री तो जागा राहिला, पण पत्नीला उठवलं नाही, पाळकांना मेसेज केला नाही. तीन आठवड्यांनी आकडा १२ होता. बक्षीसपत्राचा मसुदा वकिलांकडे आहे आणि अक्कानं त्यात एक दुरुस्ती सुचवली आहे: विहिरीचं पाणी दोघांनी आठ-आठ दिवस घ्यायचं, हे लेखी हवं.